एक माप म्हणजे समता नव्हे : सायकल शर्यतीच्या नियमांवरून काही प्रश्न

आरक्षणाचा विषय निघाला की शर्यतीचे उदाहरण हमखास येते. "रेषा सगळ्यांना एक, शिट्टी एक, अंतर एक. ज्याच्यात दम असेल तो पुढे जाईल. कोणाला वेगळी वागणूक कशाला?" शाळेच्या स्टाफरूमपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हा युक्तिवाद आपण इतक्या वेळा ऐकला आहे की तो पाठ झाला आहे. पण हे उदाहरण देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी कुठल्याही शर्यतीची नियमावली उघडून पाहिलेली असते. आज आपण ती पाहू. त्यासाठी मी निवडली आहे व्यावसायिक सायकलपटूंची रस्त्यावरची शर्यत, म्हणजे टूर द फ्रान्स आणि तिच्यासारख्या स्पर्धा. या खेळात सध्या नियम, साधनांची सुरक्षितता आणि न्याय यांवरून मोठा वाद पेटला आहे. खेळ युरोपातला असला तरी वाद आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे.

आधी 'गुणवत्ते'चे बघू. सायकल शर्यतीत जिंकणारा एकटा कधीच जिंकत नाही. पुढच्याच्या आडोशाला राहून सायकल मारली की हवेचा अडसर कमी होतो आणि ताकद मोठ्या प्रमाणात वाचते. त्यामुळे संघनायकाच्या पुढे वारा झेलणारे, त्याच्यासाठी मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणणारे, त्याचे चाक पंक्चर झाले तर स्वतःचे चाक काढून देणारे सहकारी संघात असतात. त्यांना फ्रेंचमध्ये 'दोमेस्तिक' म्हणतात. शब्दाचा अर्थच घरगडी. व्यासपीठावर मात्र एकच जण उभा राहतो. ज्याला आपण एका माणसाची गुणवत्ता म्हणतो तिच्यात किती जणांचा घाम मुरलेला असतो, हे या खेळाइतके उघडपणे क्वचितच कुठे दिसेल.

पुढचा नियम याहून बोलका आहे. अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीत सपाट रस्त्याच्या टप्प्यावर एखादा सायकलपटू शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पडला किंवा त्याची सायकल बिघडली, तर तो ज्या जथ्याबरोबर चालला होता त्या जथ्याचीच वेळ त्याच्या नावावर लागते. अलीकडे हे अंतर काही टप्प्यांवर ५ किलोमीटरपर्यंत वाढवण्याची सोयही झाली आहे. म्हणजे तो रक्ताळलेल्या गुडघ्याने पाच मिनिटे उशिरा पोचला तरी त्याचे नुकसान होत नाही. का? कारण जे घडले त्यात त्याच्या दमाचा दोष नव्हता. या नियमाने गुणवत्तेचा खून झाला अशी हाकाटी कोणीही करत नाही. उलट हा नियम नसेल तर शर्यत न्याय्य राहणार नाही, असेच सगळे मानतात.

शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलेल्याला वेळ भरून मिळतो, तो न्याय. हजारो वर्षे ज्यांना रस्त्यावर येऊच दिले नाही, त्यांच्या नातवंडांना थोडा वेळ भरून मिळाला की ती मात्र खैरात. हा दुटप्पीपणा ओळखायला सायकल चालवता येण्याचीही गरज नाही.

आता सध्याच्या वादाकडे येऊ. सायकल शर्यतींचे जागतिक नियम यूसीआय ही १९०० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे. सायकलचे वजन, चौकटीचा आकार, बसण्याची पद्धत, सगळे तिच्या नियमावलीत असते. जून २०२५ मध्ये तिने जाहीर केले की १ जानेवारी २०२६ पासून रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींत हँडलबारची बाहेरून बाहेर रुंदी किमान ४०० मिलिमीटर हवी आणि दोन ब्रेक-मुठींच्या आतल्या कडांमधले अंतर किमान ३२० मिलिमीटर हवे.

यामागचे कारण खोटे नव्हते. हँडलबार अरुंद असला की खांदे आत ओढले जातात, समोरून वाऱ्याला अडणारे अंग कमी होते आणि वेग वाढतो. म्हणून अनेक धिप्पाड पुरुष सायकलपटू आपल्या खांद्यांच्या मानाने फारच अरुंद हँडलबार वापरू लागले होते, ब्रेकच्या मुठीही आत वळवू लागले होते. ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगात, शंभर-दीडशे जणांच्या गर्दीत असा हँडलबार ताब्यात ठेवणे अवघड असते. एक घसरला की मागचे वीस पडतात. तेव्हा किमान रुंदी ठरवावी असे वाटणे स्वाभाविक होते.

पण ही रुंदी मोजली कोणाच्या खांद्यांवर? हा नियम पुरुषांना आणि स्त्रियांना, सहा फुटी माणसाला आणि पाच फुटी मुलीला एकसारखाच लागू होता. व्यावसायिक महिला सायकलपटूंपैकी कितीतरी जणी ३६ किंवा ३८ सेंटिमीटरचे हँडलबार वापरतात. त्या हवेला फसवण्यासाठी नव्हे, तर त्यांचे खांदेच तेवढे आहेत म्हणून. हँडलबार खांद्याला जुळला नाही तर मान, खांदे, मनगटे दुखतात, ब्रेकवर हात नीट बसत नाही आणि ताबा कमी होतो. म्हणजे मोठ्या पुरुषांच्या एका खोडीला आवर घालण्यासाठी केलेला सुरक्षेचा नियम लहान चणीच्या बायकांसाठीच असुरक्षित ठरत होता. रोग एकाचा आणि कडू काढा दुसऱ्याला!

महिला सायकलपटूंनी आणि त्यांच्या संघटनेने आवाज उठवला. काही महिन्यांतच यूसीआयला मागे यावे लागले आणि ब्रेक-मुठींमधले अंतर ३२० वरून २८० मिलिमीटरवर आणले गेले. बाहेरची ४०० मिलिमीटरची अट मात्र तशीच राहिली. लढल्यावर अर्धी भाकरी मिळते, हा आपलाही अनुभव आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे नियम करणे शक्य तरी आहे का? या प्रश्नाचे उत्तर खुद्द यूसीआयनेच आधी देऊन ठेवले आहे. एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या 'टाइम ट्रायल' प्रकारात सायकलच्या पुढे लांब दांड्या असतात, त्यांवर कोपरे टेकवून बसतात. त्या दांड्या किती पुढे जाव्यात याच्या मर्यादेत उंच सायकलपटू अवघडून बसत होते. म्हणून २०२३ पासून तीन गट केले गेले. १८० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचे, १८० ते १९० च्या दरम्यानचे आणि १९० च्या वरचे. प्रत्येक गटाला वेगळी मर्यादा. उंच माणसाची अडचण आली तेव्हा शरीराप्रमाणे वर्गवारी सुचली, जमली आणि अमलातही आली. दोन वर्षांनी लहान चणीच्या बाईची अडचण आली तेव्हा मात्र 'सर्वांना एकच नियम' आठवला. अशक्य काहीच नव्हते. कोणाची अडचण अडचण म्हणून मोजायची, एवढाच प्रश्न होता.

वजनाच्या नियमातही हेच आहे. २००० सालापासून शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असून चालत नाही. फार हलकी चौकट मोडू नये, हा हेतू. पण ७५ किलोच्या माणसासाठी ही सायकल त्याच्या वजनाच्या ९ टक्के भरते आणि ५० किलोच्या व्यक्तीसाठी साडेतेरा टक्क्यांच्या वर जाते. घाट चढताना हा फरक पायांना कळतो. लहान मापाची चौकट तितकीच मजबूत राहून हलकी होऊ शकते, पण नियमाला ते मान्य नाही.

आपल्या संविधानाचे कलम १४ वाचणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. कायद्यापुढे समानता म्हणजे सर्वांना एकाच मापाचा सदरा नव्हे. जे समान स्थितीत आहेत त्यांना समान वागणूक आणि जे असमान स्थितीत आहेत त्यांच्यासाठी सकारण वेगळी व्यवस्था, असाच त्याचा अर्थ न्यायालयांनी लावला आहे. कलम १५ आणि १६ मधील विशेष तरतुदी याच समतेचा भाग आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांना १७० सेंटिमीटर उंचीची अट असते आणि अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना १६२.५ ची. त्यामुळे देशाची सुरक्षा साडेसात सेंटिमीटरने खुजी झाली असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. सुरक्षेचा नियम खेळाडूंना विचारून करायचा म्हटले तर हेल्मेट कधीच आले नसते. हे खरे आहे. १९९१ मध्ये यूसीआयने हेल्मेटसक्तीचा प्रयत्न केला तेव्हा पॅरिस–नीस शर्यतीत खुद्द सायकलपटूंनीच विरोध केला आणि सक्ती गुंडाळली गेली. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये फाबियो कासार्तेली हा ऑलिंपिक विजेता पिरेनीज पर्वताच्या उतारावर पडून मेला, त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीसमध्येच आंद्रेई किविलेव गेला. त्यानंतर त्याच वर्षी सक्ती आली. बारा वर्षे आणि किमान दोन जीव एवढी त्या हट्टाची किंमत होती.

म्हणजे बहुसंख्यांची सवय हीच नीती असे आपण म्हणत नाही, म्हणूही नये. बाबासाहेबांनी संविधान सभेत संवैधानिक नीतिमत्तेचा आग्रह धरला तो याचसाठी, की ती आपोआप उगवत नाही, ती अंगी बाणवावी लागते. माणसाचा जीव वाचवणारा नियम सक्तीनेच आणावा लागला तर जरूर आणावा. पण हेल्मेट आणि हँडलबार यांतला फरक पाहा. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचे झाले, तरी माप ज्याच्या त्याच्या डोक्याचे राहिले. सगळ्यांनी एकाच मापाचे हेल्मेट घाला असा हुकूम निघाला असता तर निम्म्यांच्या डोळ्यांवर आले असते आणि निम्म्यांच्या डोक्यात शिरले नसते. संरक्षण सर्वांना समान आणि साधन प्रत्येकाच्या मापाचे, ही खरी समता. हँडलबारच्या बाबतीत यूसीआयने साधन समान केले आणि संरक्षण असमान.

असे का होते? कारण टेबलाभोवती कोण बसले आहे यावर टेबलावरचा कागद ठरतो. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण भीमराव आंबेडकरांनी हेच मांडले होते. एखाद्या समूहाची मते दुसऱ्या कोणी मांडली म्हणजे त्याला प्रतिनिधित्व मिळाले असे होत नाही, त्या समूहाची माणसे तिथे हजर असली पाहिजेत. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदेची पद्धत रुजवली. यूसीआयनेही सुरक्षेसाठी 'सेफआर' नावाची व्यवस्था उभी केली आहे आणि तिच्यात सायकलपटूंचे प्रतिनिधी आहेत. चांगले आहे. पण पाच फुटी, ३६ सेंटिमीटरचा हँडलबार वापरणारी बाई निर्णयाच्या आधी त्या खोलीत असती, तर निर्णयानंतर माघार घेण्याची पाळी आली असती का?

दुसरा प्रश्न दोषाचा. ५ ऑगस्ट २०२० रोजी टूर ऑफ पोलंडचा पहिला टप्पा कातोवित्से शहरात संपत होता. शेवट उतारावर होता, वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. अंतिम रेषेजवळ डिलन ग्रोनेवेगेनने आपली वाट सोडून फाबियो याकोबसनला कडेला दाबले. कडेचे अडथळे कोसळले, याकोबसनच्या चेहऱ्याची दुर्दशा झाली आणि त्याला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले. ग्रोनेवेगेनवर नऊ महिन्यांची बंदी आली. त्याची चूक होती, शिक्षा योग्यच. पण शर्यतीचा शेवट उतारावर ठेवण्याचे ग्रोनेवेगेनने ठरवले नव्हते. धडकेत उडून जातील असे अडथळेही त्याने उभे केले नव्हते. २०२५ पासून पिवळ्या कार्डांची पद्धत नियमित झाली. एका शर्यतीत दोन कार्डे मिळाली की शर्यतीबाहेर आणि सात दिवसांची बंदी. ती सायकलपटूंना मिळतात, संघाच्या गाड्यांतल्या लोकांना मिळतात, ताफ्यातल्या मोटारसायकलस्वारांना मिळतात. रस्ता आखणाऱ्याच्या हातात पिवळे कार्ड दिल्याचे दृश्य मात्र आपल्याला दिसत नाही.

ही पद्धत आपल्याकडे कुठे दिसते ते सांगायला नको. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मेला की पहिला प्रश्न येतो, 'त्याने सुरक्षासाधने का घातली नाहीत?' २०१३ चा कायदा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी १० लाखांच्या भरपाईचा आदेश दिला, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी माणसे उतरवली जातातच. युरोपातला पगारदार सायकलपटू आणि आपला सफाई कामगार यांची बरोबरी मी करत नाही. एकाच्या पडण्यावर कॅमेरे लागलेले असतात, दुसऱ्याच्या मरणाची नोंदसुद्धा भांडून करवून घ्यावी लागते. पण दोष वाटण्याची रीत मात्र सारखीच आहे. जो शरीर पणाला लावतो त्याच्या वागण्यावर नियम, आणि जो त्याला तिथे पाठवतो त्याच्यावर मार्गदर्शक सूचना.

तिसरी घटना तर फारच बोचणारी आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी झुरिचमधील जागतिक स्पर्धेत ज्युनिअर मुलींच्या शर्यतीत, पावसात, जंगलातल्या उतारावर म्युरिएल फुरर ही १८ वर्षांची स्विस मुलगी पडली. ती मागे राहिली आहे हे बराच वेळ कोणाच्या लक्षातच आले नाही. जागतिक स्पर्धेत सायकलपटूंच्या कानात रेडिओ नसतो. दुसऱ्या दिवशी ती गेली. ज्या काळात घरी मागवलेले जेवण कुठल्या चौकात पोचले ते मोबाइलवर दिसते, त्या काळात जागतिक दर्जाच्या शर्यतीतली एक मुलगी झाडीत पडून राहिली.

यानंतर ठिकाण दाखवणारे उपकरण आणायचे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये महिलांच्या टूर द रोमांदी शर्यतीत त्याची चाचणी होती. प्रत्येक संघाने आपली एक सायकलपटू निवडून तिच्या सायकलवर ते बसवायचे. पाच संघांनी नाव देण्यास नकार दिला. उपकरणाला आमचा विरोध नाही, पण निवड आणि बसवण्याची जबाबदारी आमच्यावर का, हा त्यांचा सवाल. या माहितीवर हक्क कोणाचा, हा वादही मागे होताच. यूसीआयने पाचही संघांना शर्यतीतून बाद केले. बरोबर कोण हे क्षणभर बाजूला ठेवू. ज्यांच्या जिवासाठी हे उपकरण होते त्या मुली सायकली घेऊन तयार होत्या आणि घरी परत गेल्या. दोन बड्यांच्या भांडणात खेळाचे तीन दिवस हरवले ते त्यांचे.

नियम तटस्थ असतो, असे मानण्याची घाई या खेळाचा इतिहास पाहिला की राहत नाही. अमेरिकेत 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या सायकलस्वारांच्या संघटनेने १८९४ मध्ये कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद करणारा नियम केला. पाचच वर्षांनी, १८९९ मध्ये, मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू मॉन्ट्रियलमध्ये जागतिक विजेता झाला. नियमाने त्याला नाकारले, रस्त्याने नाही. आणि आफ्रिकेतला एखादा कृष्णवर्णीय सायकलपटू टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकायला २०२४ साल उजाडावे लागले. एरिट्रियाच्या बिनियम गिरमायने त्या वर्षी तीन टप्पे आणि हिरवी जर्सी जिंकली. त्याआधीच्या शंभरहून अधिक वर्षांत आफ्रिकेत कोणाच्या पायांत दम नव्हता, असे म्हणण्याची हिंमत कोणी करील?

हे सगळे आता दूरचे राहिलेले नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर यूसीआयच्या मान्यतेची 'पुणे ग्रँड टूर' ही पुरुषांची शर्यत झाली. म्हणजे यूसीआयची नियमावली आता आपल्या घाटांत उतरली आहे. मुंबई–पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरलेल्याचा सत्कार करणाऱ्या या भागाला सायकल नवी नाही. म्हणून आपल्या मागण्या आत्ताच स्पष्ट असल्या पाहिजेत. अशा शर्यती होणार असतील तर महिलांचीही शर्यत हवी. मार्ग ठरवणाऱ्या समितीत सायकलपटूंचे, त्यातही स्त्रियांचे, प्रतिनिधी हवेत. अपघात झाला तर सायकलपटूच्या वागण्याबरोबर रस्ता, वळण आणि अडथळे यांचीही चौकशी हवी आणि ती जाहीर व्हावी. आणि लाखोंची सायकल ज्याला परवडते तोच सायकलपटू, असे होऊ द्यायचे नसेल तर साधनांसाठी सरकारी मदत गावातल्या, वस्तीतल्या, पाड्यावरच्या मुलामुलींपर्यंत गेली पाहिजे.

पुढच्या वेळी कोणी शर्यतीचे उदाहरण देऊन आरक्षणावर बोलू लागला तर चिडू नका. त्याला शांतपणे तीनच प्रश्न विचारा. तुमचा नियम कोणाच्या अंगावर मोजला? तो मोजताना तिथे कोण बसले होते? आणि तो चुकला तर पडणार कोण? या तिन्हींचे उत्तर देता येईपर्यंत 'सगळ्यांना सारखाच नियम' या वाक्यावर टाळी द्यायची नाही.

जय भीम!